बोटीवरची निजानीज

क्रूझ ठरली की घरात आधी मोबाइल फिरतो. पोहण्याचा तलाव, पाण्याच्या घसरगुंड्या, रात्रीचे शो. केबिनचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, ‘केबिनमध्ये बसायचंय कोणाला?’ पण सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा आणि सहा वर्षांच्या आतली मुलं बरोबर असली, की दिवसाचे बरेच तास कोणी ना कोणी केबिनमध्येच असतं. आजोबांची दुपारची झोप, बाळाच्या दोन झोपा, औषधं, कपडे बदलणं, आणि मग रात्र. अशा घराची सहल बिघडते ती रात्रीच. म्हणून दरपत्रक उघडायच्या आधी रात्र मांडायची आणि केबिन त्यावरून ठरवायच्या.

पहिल्या सहलीत आम्ही हे केलं नाही. सिंगापूरहून चार रात्रींची फेरी होती. आम्ही नऊ जण: सासू-सासरे, आम्ही दोघं, चार वर्षांची मुलगी, दहा महिन्यांचा मुलगा, नणंद, तिचे यजमान आणि त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा. स्वस्त पडतं म्हणून तीन केबिन ‘गॅरंटी’ दराने घेतल्या. गॅरंटीत केबिनचा प्रकार आपण निवडतो, नंबर कंपनी देते. तीन केबिन तीन वेगळ्या मजल्यांवर आल्या. सासू-सासऱ्यांची बिनखिडकीची होती. दुसऱ्या रात्री अडीच वाजता केबिनचा फोन वाजला, पलीकडे सासूबाई. सासरे अंधारात अंदाजाने उठले होते, अंघोळ आटोपून, कपाळाला गंध लावून पलंगाच्या कडेवर चहाची वाट बघत बसले होते. बिनखिडकीच्या केबिनमध्ये दिवा मालवला की मध्यरात्र आणि पहाट सारखीच. नवरा चार मजले खाली जाऊन त्यांना समजावून आला, तोवर इकडे बाळ उठलं होतं.

त्यानंतर दोनदा गेलो, आणि दोन्ही वेळा केबिन पुढच्या क्रमाने ठरवल्या.

१. माणसागणिक रात्र लिहून काढा

एका कागदावर प्रत्येकाचं नाव घ्या आणि पुढे लिहा: किती वाजता झोपतो, रात्री किती वेळा उठतो, कशासाठी उठतो, कोणाला हाक मारतो. घोरतो का. अंधारात घाबरतो का. दुपारी आडवा होतो का. गुडघे, मधुमेह, श्वासाचं यंत्र, जे असेल ते लिहा. पहाटे पाचला कोण उठतं तेही लिहा, कारण त्या माणसाबरोबर खोलीत जो असेल तोही उठणार.

आमच्या कागदावर दोन गोष्टी लख्ख दिसल्या. मुलगी रात्री आईला शोधत नाही, आजीला शोधते. आणि भाच्याला एकट्याने झोपायची सवय आहे, त्याला आई-वडिलांच्या खोलीत कोंबायची गरज नाही. हे आम्हाला आधी माहीत नव्हतं असं नाही, पण केबिन घेताना आठवलं नव्हतं.

२. डोकी नव्हे, बिछाने मोजा

बहुतेक केबिनमध्ये खाली दोन पलंग असतात. ते जोडून डबल बेड होतो किंवा सुटे ठेवता येतात. तिसरा-चौथा माणूस सोफा-कम-बेडवर, नाहीतर भिंतीतून किंवा छतातून उघडणाऱ्या वरच्या बर्थवर. ‘चार जणांची केबिन’ असं लिहिलेलं असेल तर उरलेले दोन बिछाने नेमके कुठले, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. वरच्या बर्थवर बहुतेक कंपन्या सहा वर्षांखालच्या मुलाला झोपू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. शिडी पोलादी आणि अरुंद असते. झोपेतून उठलेलं मूल पहिल्या पायरीवर पाय ठेवण्याऐवजी सरळ खाली उतरायला जातं. चार वर्षांची मुलगी आणि सत्तरीचे आजी-आजोबा एका केबिनमध्ये हवे असतील तर खालचे दोन पलंग सुटे आणि एक सोफा, एवढीच मांडणी चालते.

बाळ पाळण्यात झोपणार असलं तरी केबिनच्या माणसांत ते मोजलं जातंच. कारण सुरक्षेचं आहे: केबिनमधल्या प्रत्येक जिवासाठी जीवरक्षक नौकेत जागा राखलेली असते. त्यामुळे तीन-चार जणांची केबिन कधीकधी रिकामी दिसते, पण माणसांची संख्या भरली की यादीतून गायब होते. त्या भागाला नेमलेल्या नौकांतल्या जागा भरलेल्या असतात. म्हणून कुटुंबाच्या केबिन लवकर संपतात. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत जायचं तर सहा-आठ महिने आधी हालचाल करा.

बाळाचं वयही इथेच तपासा. बऱ्याच कंपन्या सहा महिने पूर्ण असल्याशिवाय घेत नाहीत. सलग बरेच दिवस बंदर लागणार नसेल अशा सफरींना बारा महिने लागतात. बोटीवर चढण्याच्या दिवशीचं वय धरतात.

पैशाचं गणित दोन्ही बाजूंनी करा. केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाचा दर बहुधा कमी असतो, म्हणून चौघांना एकात बसवणं स्वस्त दिसतं. उलट केबिनमध्ये एकटाच माणूस असला तर जवळजवळ दोघांचे पैसे पडतात. पण दोन केबिन म्हणजे दोन बाथरूम, आणि बोटीचं बाथरूम एका माणसाला जेमतेम पुरेल एवढंच असतं. बंदरात उतरायच्या सकाळी नऊ माणसांना दोन बाथरूम अजिबात पुरत नाहीत, तीन पुरतात. या बाबतीत माझं मत पक्कं आहे: शोच्या तिकिटांत काटकसर करा, जेवणाच्या वरच्या पॅकेजात करा, बाथरूममध्ये करू नका.

३. खोली खडूने आखून बघा

बिनखिडकीची केबिन बाथरूम धरून साधारण दीडशे चौरस फुटांच्या आसपास असते. कंपनीच्या साइटवरून नेमकं माप घ्या आणि हॉलमधला सोफा बाजूला सारून फरशीवर खडूने चौकट काढा. पलंग आखा, बाथरूम आखा, बाळाचा घडीचा पाळणा उघडून मधे ठेवा. आता आजीला सांगा, पलंगावरून उठून बाथरूमपर्यंत जाऊन दाखवा. आमच्याकडे पाळणा उघडला की वाट पूर्ण बंद होत होती. वाट मोकळी करायची तर पाळणा रोज रात्री उचलून पलंगावर ठेवावा लागला असता. पंधरा मिनिटांच्या या खेळात तीन केबिनचा हिशेब चारवर गेला, आणि कोणी वाद घातला नाही.

४. काळोख कोणाला, उजेड कोणाला

इथे बहुतेक घरं उलटं करतात. तरुण जोडपं बाल्कनी घेतं आणि ‘आई-बाबांना काय, झोपायचंच तर आहे’ म्हणून त्यांना आतली, म्हणजे बिनखिडकीची केबिन देतं. मी याच्या अगदी विरुद्ध आहे. म्हातारी माणसं केबिनमध्ये सगळ्यांत जास्त वेळ असतात. त्यांना सकाळ झालेली दिसली पाहिजे, खुर्ची टाकून समुद्र बघता आला पाहिजे. बाळाला मात्र आतली केबिन मानवते. दुपारी दिवा घालवला की मिट्ट काळोख, आणि दोन तास गाढ झोप. बाथरूमचा दिवा लावून दार बोटभर किलकिलं ठेवलं की रात्रीपुरतं दिसतं.

दुसरं कारण सुरक्षेचं. दोन ते पाच वर्षांचं मूल आणि बाल्कनी ही जोडी मला नको वाटते. कठडा उंच असतो, दार जड असतं, पण खुर्ची कठड्याला सरकवायला मुलाला काही क्षण पुरतात. बाल्कनी आजी-आजोबांकडे असली तर दाराची वरची कडी लावलेली राहते आणि नातवंडं मोठ्यांबरोबरच बाहेर जातात.

मुंबईहून निघणाऱ्या ‘एम्प्रेस’वर हा प्रश्न निराळा होतो. ही बोट १९९० साली फ्रान्समधल्या सेंट-नाझेअरला ‘नॉर्डिक एम्प्रेस’ म्हणून बांधली गेली आणि २०२१पासून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीकडून मुंबईहून चालू लागली. त्या काळच्या बोटींना बाल्कन्या मोजक्याच. तिथे निवड मुख्यतः खिडकी की बिनखिडकी एवढीच, म्हणून खिडकी आजी-आजोबांना. ‘ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू’ लिहिलेली खिडकी स्वस्त मिळते. तिच्यासमोर बहुधा जीवरक्षक नौका टांगलेली असते, समुद्र नीट दिसत नाही, पण उजेड येतो. सकाळ कळण्यापुरतं तेवढं पुरे.

५. ‘कनेक्टिंग’ म्हणजे आतून दार

एजंट ‘एकमेकांना लागून देतो’ म्हणाला तर थांबा. लागून म्हणजे शेजारी, मधे भिंत. कनेक्टिंग म्हणजे त्या भिंतीत दार. हा शब्द बुकिंगच्या कागदावर लेखी असल्याशिवाय पैसे भरू नका. आणि एक लक्षात ठेवा, त्या दारातून आवाज सहज येतो. म्हणून कनेक्टिंग केबिन घ्यायच्या तर दोन्ही आपल्याच हव्यात. एकच मिळत असेल तर दार नसलेली मागा, नाहीतर अनोळखी शेजाऱ्याचा टीव्ही रात्रभर ऐकावा लागेल.

आमची मांडणी अशी झाली: आम्ही आणि बाळ आतल्या केबिनमध्ये. बोळाच्या पलीकडे, समोरासमोर दारं येतील अशी, आजी-आजोबा आणि मुलीची बाल्कनीची केबिन, बाल्कनीच्या दाराची वरची कडी लावलेली. तिच्या शेजारी आतून दार असलेल्या दोन, एकीत नणंद-मेहुणे, दुसरीत भाचा. बुकिंगमध्ये प्रत्येक केबिनमध्ये एक मोठं माणूस दाखवावं लागतं, बऱ्याच कंपन्यांत एकवीस वर्षांवरचं. म्हणून कागदावर नणंद एकीत आणि मेहुणे भाच्याबरोबर दुसरीत. आपल्या कंपनीचा नियम आधी विचारून घ्या. बाल्कनीच्या दोन केबिन शेजारी असतील तर मधला पडदा उघडता येतो का, तेही विचारा. बऱ्याच बोटींवर केबिनचा कर्मचारी तो उघडून देतो.

६. आता बोटीचा नकाशा उघडा

सासरे लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बोटीने गावी जायचे. पावसाळ्यात ती बोट बंद असे. डेकवर ट्रंक उशाला घेऊन झोपायचं, आणि त्यांची आई सांगायची, पथारी मधे टाका, टोकाला निजलात तर बोट लागेल. बोटीच्या नकाशावर, म्हणजे डेक प्लॅनवर, हीच मधली जागा ‘मिडशिप’ म्हणून लिहिलेली असते. लाटेवर बोटीची दोन्ही टोकं वरखाली होतात, मधला भाग सगळ्यांत कमी हलतो. डावी-उजवी झोकांडी वरच्या मजल्यांवर जास्त जाणवते. कशेडी घाटात एसटीच्या मागच्या बाकावर ज्याचं पोट ढवळतं, त्याच्यासाठी मधली आणि खालच्या मजल्यावरची केबिन घ्या. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो, तेव्हा या माणसाला बोटीवर नेऊच नका.

मग आवाज. आपल्या केबिनच्या बरोबर वरचा आणि खालचा मजला बघा. वर तलाव असेल तर पहाटेच खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो. खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर मध्यरात्रीपर्यंत ठोके. वरखाली दोन्हीकडे केबिनच असतील ती जागा सोन्याची. अगदी पुढच्या टोकाला खालच्या मजल्यावर नांगराची साखळी ऐकू येते. नकाशावर काहीच न लिहिलेले पांढरे चौकोन असतात, तिथे कर्मचाऱ्यांची कामाची जागा असू शकते. बाळाची केबिन तिथून लांब ठेवा.

शेवटी चालणं. सिंगापूरहून निघालेली ‘स्पेक्ट्रम ऑफ द सीज’ ३४७ मीटर लांब आहे. एका टोकाची केबिन आणि दुसऱ्या टोकाचं जेवणघर असलं तर एका जेवणासाठी जाऊन-येऊन जवळजवळ सातशे मीटर होतात. आजी-आजोबांची केबिन लिफ्टपासून पाच-सहा दारं दूर घ्या. अगदी लिफ्टसमोर नको, रात्रभर गप्पा चालतात.

७. बाथरूमचा उंबरा

बऱ्याच बोटींवर बाथरूमच्या दाराशी चांगलाच उंच उंबरा असतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला रात्री तोच आडवा येतो. उंबऱ्याची उंची, धरायला दांडी, शॉवरखाली बसायला स्टूल, तिन्ही विचारा. व्हीलचेअर लागत असेल तर रुंद दाराची, बिनउंबऱ्याच्या खास केबिन असतात, पण त्या थोड्याच असतात आणि गरज कळवून मागाव्या लागतात. बाळाच्या अंघोळीला टब बहुतेक बोटींवर नसतो. डिस्नेच्या बोटींवर बहुतेक केबिनमध्ये असतो. आम्ही घडीचा रबरी टब आणि एक प्लॅस्टिकचा मग नेतो. मग सगळ्यांनाच लागतो.

इन्सुलिन असेल तर छोटा फ्रिज खरोखर गार ठेवतो का, हे विचारा. काही केबिनमधला फ्रिज नुसता थंडावा देतो. पाण्याची किटली घरून नेऊ नका, सामान तपासताना काढून ठेवतात.

८. नंबर हातात आल्यावर

चारही बुकिंग एकमेकांना जोडून घ्या, म्हणजे जेवणाला एकच टेबल आणि एकच वेळ मिळते. लहान मुलं असतील तर जेवणाची पहिली पाळी मागा.

बोटीवर चढल्या चढल्या, बाकीचे तलावाकडे धावत असताना, एक जण केबिनमध्ये थांबा. पलंग सुटे करून घ्या, सोफा उघडून दाखवायला सांगा, आतलं दार उघडतं का बघा, पाळणा मागवा. हे दुपारी झालं तर होतं, रात्री दहाला कर्मचाऱ्यावर फार ताण असतो. केबिनची दारं बहुधा पोलादी असतात. प्रत्येक दारावर एक चुंबक लावा, मुलांना आकडे वाचायला लागू नयेत. आमच्या दारावर हापूस असतो, आजीच्या दारावर तुळशीवृंदावन.

आणि पहिल्या रात्री, निजानीज व्हायच्या आधी, आजीला चप्पल घालून, केबिनच्या दाराचं कार्ड हातात घेऊन, आपल्या दारापासून तुमच्या दारापर्यंत एकदा एकटीने येऊ द्या. तुम्ही आत थांबा, आणि तिने दार वाजवलं की उघडा.