उद्या किती युनिट?

चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीचा उन्हाळा कडक. एप्रिल लागला की घरोघरी कूलर सुरू होतात आणि मग विजेचे बिल पाहून सारे चकित होतात! हे बिल आधीच सांगता येईल काय?

१००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. म्हणून वॅटला तासांनी गुणून १००० ने भागावे. समजा, एका घरात १८० वॅटचा कूलर आणि ७५ वॅटचे दोन पंखे रोज १२ तास चालतात. कूलरचे २.१६ आणि पंख्यांचे १.८ युनिट झाले. ९ वॅटचे तीन दिवे ५ तास व ६० वॅटचा टीव्ही ४ तास, मिळून सुमारे ०.३८ युनिट. फ्रिजला हा गुणाकार चालत नाही, कारण आत पुरेसे थंड झाले की त्याचा कॉम्प्रेसर आपोआप थांबतो. त्याच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात. ते २१९ असतील, तर रोजचे ०.६ धरा. एकूण झाले सुमारे ४.९४ युनिट, म्हणजे ३० दिवसांचे १४८.

जानेवारीत कूलर-पंखे बंद असतील, तर याच घराला २९ युनिट पुरतात. म्हणून जानेवारीच्या बिलावरून एप्रिलचा अंदाज करू नये. शिवाय महावितरणच्या घरगुती दरात १०० च्या पुढील युनिटांना चढा दर लागतो. आपल्या घराचे ४८ युनिट त्यात सापडले!

आता एक प्रयोग करा. रोज सकाळी सात वाजता मीटरचा आकडा लिहा. लागोपाठच्या दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे एका दिवसाचा खर्च. शेजारी त्या दिवसाचे कमाल तापमान लिहा. दोन आठवड्यांनी आलेख काढा. समजा, ४० अंशांना ४.४ आणि ४४ अंशांना ५.२ युनिट आले; म्हणजे अंशामागे ०.२ युनिट. हवामान खात्याने उद्या ४६ अंश सांगितले, तर ५.६ युनिट असा अंदाज लिहा आणि परवा मीटरशी ताडून पाहा. फरक पडला तर कारण शोधा. पाहुणे आले होते काय? वीज गेली होती काय? मात्र रेषा हवी तितकी लांबवू नका. कूलर दिवसरात्र चालू लागला की खर्च आणखी वाढणार कसा?

हेच गणित मोठ्या प्रमाणावरही करावे लागते. वीज मोठ्या प्रमाणात साठवणे अवघड. म्हणून मागणीइतकीच निर्मिती क्षणोक्षणी करावी लागते. त्यासाठी दिवसाचे पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून प्रत्येकाचा अंदाज आदल्या दिवशीच बांधतात. भद्रावतीजवळच पश्चिम व दक्षिण भारताची वीजजाळी जोडणारे १००० मेगावॅटचे केंद्र आहे. तेथून किती वीज इकडून तिकडे न्यायची, हेही अशा अंदाजांवरच ठरते.

जाता जाता एक प्रश्न : एप्रिलमध्ये काढलेली रेषा जुलैच्या दमट दिवसांत का चुकेल? कूलर हवा कशी थंड करतो ते आठवा आणि उत्तर वहीत लिहा.