प्रवासी पास घ्यावा कीं न घ्यावा?

विद्यार्थिमित्रहो, आगगाडीचा मासिक पास खिशांत ठेवून शाळेस येणारे आपणांपैकीं कित्येक असतील. तो पास घ्यावा कीं न घ्यावा, याविषयीं घरांत फारशी चर्चा होत नाहीं. महिन्यांतील शाळेचे दिवस ठाऊक असतात, जाण्यायेण्याचें भाडें ठाऊक असतें. एक गुणाकार व एक वजाबाकी केली कीं उत्तर हातीं येतें. परंतु परक्या देशीं पाहुणा म्हणून गेलेल्या मनुष्यापुढें असाच पास ठेवला, तर तो सहसा गुणाकार करीत नाहीं. "वाटेल तितका प्रवास करा" हे शब्द कानीं पडतांच त्याचा हात पैशाच्या पिशवीकडे जातो. हा मोह आंवरून हिशेब कसा करावा, तें या लेखांत पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरणासाठीं आम्ही जपान देश घेतों. कारण तेथील पासाची ख्याति मोठी आहे, आणि त्याच्या किंमतींत झालेला फरकही मोठा बोधप्रद आहे. टोकियो व ओसाका या शहरांमधील शिंकान्सेन नांवाची अतिवेगवान गाडी १ ऑक्टोबर १९६४ रोजीं सुरू झाली. पुढें १९८१ सालीं परदेशी प्रवाशांसाठीं देशभर चालणारा पास निघाला. १९८७ सालीं सरकारी रेल्वेची वांटणी होऊन उतारूंची वाहतूक सहा कंपन्यांकडे गेली, तरी हा पास त्या सहाही कंपन्यांच्या मार्गांवर पूर्वीप्रमाणेंच चालूं राहिला. तो प्रामुख्यानें थोड्या दिवसांकरितां पाहुणे म्हणून आलेल्यांसाठीं आहे. जपानांत राहून शिक्षण घेणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यास तो मिळत नाहीं. तेव्हां पहिला प्रश्न किंमतीचा नसून अधिकाराचा आहे.

सात दिवसांच्या साध्या वर्गाच्या पासास ऑक्टोबर २०२३ पूर्वीं २९,६५० येन पडत. त्या महिन्यांत ही किंमत एकदम ५०,००० येन झाली. चौदा दिवसांच्या पासाची किंमत ४७,२५० वरून ८०,००० येनांवर गेली. पास तोच, रूळ तेच. परंतु "जपानला जाणाऱ्यानें पास घ्यावाच" हा जो सल्ला एका तोंडून दुसऱ्या तोंडीं जात होता, तो एका दिवसांत जुना झाला. ऐकीव सल्ल्याला तारीख असते, ही गोष्ट येथें ध्यानांत घेण्यासारखी आहे.

आतां हिशेब करूं. एक प्रवासी टोकियोहून क्योटोस जातो, तेथून हिरोशिमा पाहून क्योटोस परततो आणि शेवटीं टोकियोस येतो. २०२३ सालीं अनारक्षित डब्यांतून टोकियो ते क्योटो एका खेपेचें भाडें १३,३२० येन होतें, व क्योटो ते हिरोशिमा १०,५७० येन. दोन्हींच्या दोन दोन खेपा धरल्या, तर बेरीज ४७,७८० येन होते. जुन्या किंमतीशीं ताडून पाहिलें असतां पास घेणाऱ्याचे १८,१३० येन वांचत होते. नव्या किंमतीनें त्याच प्रवाशास उलट २,२२० येनांची खोट बसते. त्यानें केवळ टोकियो व क्योटो हीं दोनच शहरें पाहिलीं, तर तिकिटांस २६,६४० येन लागतात. म्हणजे पास जवळजवळ दुपटीनें महाग पडतो.

पण येथेंच थांबून निकाल देणें उतावीळपणाचें होईल. प्रवाशास ठराविक जागा राखून हवी असेल, तर तिकिटावर दर खेपेस कांहीं शें येन अधिक द्यावे लागतात. पासावर ती जागा फुकट मिळते. विमानतळावरून शहरांत येण्याचें भाडें आणि क्योटोजवळील नारा गांवास जाण्याचा खर्च हेही मिळविले, तर तराजू पासाच्या बाजूस झुकूं शकतो. मात्र त्यासाठीं या सर्व खेपा सात दिवसांच्या आंत आल्या पाहिजेत. पासाचे दिवस लागोपाठचे मोजतात. मध्यें विसाव्याचा दिवस आला तर तोही त्यांतच खर्ची पडतो.

दुसऱ्या पारड्यांतही कांहीं वजनें आहेत. शिंकान्सेनच्या गाड्यांपैकीं नोझोमी ही सर्वांत जलद. टोकियोहून क्योटोस ती सुमारें सवा दोन तासांत पोंचते. हिकारी या गाडीस सुमारें वीस-पंचवीस मिनिटें अधिक लागतात. पूर्वीं पासधारकास नोझोमींत बसण्याची मुभाच नव्हती. २०२३ पासून ती मिळाली, परंतु त्यासाठीं टोकियो-क्योटो या एका खेपेस ४,९६० येनांचा अधिभार ठरविण्यांत आला. साधें अनारक्षित तिकीट घेणारा मनुष्य मात्र, ज्या दिवसांत नोझोमीला अनारक्षित डबे असतात त्या दिवसांत, त्याच १३,३२० येनांत तिच्यांत बसतो! शिवाय टोकियोची भुयारी रेल्वे किंवा क्योटोच्या शहरी बसगाड्या यांत हा पास चालत नाहीं. तें भाडें निराळें द्यावेंच लागतें. आणि पास हरवला तर दुसरा मिळत नाहीं.

येथवर आपण एका मनुष्याचा विचार केला. आतां एका कुटुंबाचा करूं. समजा, नाशिकचें एक कुटुंब बरींच वर्षें पैसा साठवून जपान पाहण्यास निघालें आहे. आईवडील, दहा वर्षांचा मुलगा आणि आजी अशीं चार माणसें आहेत. मुलास अर्धें भाडें व अर्ध्या किंमतीचा पास. म्हणजे साडेतीन पासांचे १,७५,००० येन झाले. वर सांगितलेल्या चार खेपांच्या तिकिटांस सुमारें १,६७,२०० येन लागतात. फरक ७,८०० येनांच्या आसपास. "एवढ्याशा रकमेसाठीं तिकिटांची यातायात कशाला? पासच घेऊं," असें वडील म्हणतील, आणि त्यांचें म्हणणें अगदींच चुकीचें ठरणार नाहीं.

परंतु हिरोशिमास जाण्याच्या दिवशीं सकाळीं आजीचे गुडघे दुखूं लागले, तर काय होईल? हातीं तिकिटें नसतील, तर ती हळूंच म्हणेल, "तुम्ही जाऊन या, मी येथेंच देवळाच्या बागेंत बसतें." तिच्या दोन खेपांचे २१,१४० येन वांचतील, तिचा दिवस सुखाचा जाईल, आणि कोणास वाईट वाटणार नाहीं. हातीं पास असेल, तर मात्र घरांतील प्रत्येकाच्या मनांत एकच विचार येईल: "पैसे तर भरून झाले आहेत!" आजीही तें जाणून, न बोलतां, काठी टेंकीत स्थानकाकडे निघेल. आमच्या मतें पासाची खरी किंमत या प्रसंगीं कळते. ती दरपत्रकांत छापलेली नसते.

भरलेला पैसा परत येत नाहीं. तो "वसूल" करण्यासाठीं अधिक धांवपळ केल्यानें तो परत येतो, ही केवळ समजूत आहे. सात दिवसांत सात शहरें पाहून आलेल्या मनुष्यास विचारावें, तर त्यास पुष्कळदां स्थानकांचीं नांवें आठवतात, शहरें आठवत नाहींत. मिठाईच्या दुकानांत ठराविक रकमेंत पोटभर खाण्याची मुभा मिळाली म्हणून जो पोट दुखेपर्यंत खातो, त्याच्यासारखीच त्याची स्थिति होते.

याचा अर्थ पास सर्वथा त्याज्य आहे, असा नव्हे. एखादा धट्टाकट्टा तरुण एका आठवड्यांत दक्षिणेकडील कागोशिमापासून उत्तरेकडील साप्पोरोपर्यंत जाण्याचें ठरवून निघाला असेल, तर त्यानें पास अवश्य घ्यावा. त्याचें भाडें पासाच्या किंमतीच्या पुष्कळ वर जाईल. ज्यास केवळ एकाच प्रांतांत हिंडावयाचें आहे, त्यानें त्या प्रांतापुरता निघणारा स्वस्त पास मिळतो कीं काय, तें पाहावें. आणि जो विमानानें टोकियोस उतरून ओसाकाहून परत फिरतो, त्यास परतीची लांब खेप करावीच लागत नाहीं. त्यास देशभरचा पास क्वचितच परवडेल.

तात्पर्य, क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम आपणांस काय पाहावयाचें आहे तें लिहावें. मग बरोबरच्या माणसांच्या शक्तीप्रमाणें दिवस नेमावे. नंतर प्रत्येक खेपेचें चालू भाडें मांडून बेरीज करावी. आणि सर्वांच्या शेवटीं ती बेरीज पासाच्या त्या दिवसाच्या किंमतीशीं ताडावी. दोहोंत थोडाच फरक असेल, तर ज्यांत आपला बेत बदलण्याची मोकळीक अधिक, तें घ्यावें. बहुतेक लोक हा क्रम उलटा करतात. ते आधीं पास घेतात व मग पासाजोगा प्रवास शोधतात. अंथरूण पाहून पाय पसरावे, हें खरें. पण अंथरूण मोठें घेतलें म्हणून पाय ताणीत बसण्याचें कांहीं कारण नाहीं.

वर दिलेले आंकडे २०२३ सालचे आहेत. भाडीं वाढतात, नियम बदलतात. म्हणून आंकडे पाठ करूं नयेत, रीत पाठ करावी. येत्या सुटींत घरचीं मंडळी कोठेंही जाण्यास निघालीं, तर एका कागदावर तीन रकाने आंखा: खेप, भाडें, आणि ती खेप न झाली तर कोणाचें काय बिघडेल. पहिले दोन रकाने गणिताच्या तासाला शिकलेल्या विद्येनें भरतील. तिसरा भरण्यास घरांतील सर्वांशीं, विशेषतः आजीशीं, दोन शब्द बोलावें लागेल. तो रकाना भरल्यावांचून कोणताही पास विकत घेऊं नये, अशी आमची आपणांस आग्रहाची सूचना आहे.