सगळंच शेवाळ काढायचं नसतं!

गेल्या वर्षी एनएसएसच्या शिबिरात आम्ही होस्टेलच्या मुली शहराबाहेरच्या एका तलावाची सफाई करत होतो. आधी जलकुंभी काढली, मग जोशात पाण्याखालचं शेवाळही ओढायला लागलो. काठावरचे मासेमार काका ओरडले, "ते काहून उपटून रायल्या वं पोरीहो? मासोयी मंग कुठी लपन?" तेव्हा रागच आला. नंतर वाचलं आणि कळलं, काकाच बरोबर होते.

मी पडले कॉन्व्हेंटची. पाण्यातलं हिरवं ते सगळं माझ्या मराठीत शेवाळच! पण त्यात तीन प्रकार आहेत. जलकुंभी तरंगते. पाणी हिरवं करणारं सूक्ष्म शेवाळ वेगळं. आणि हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया या तळाशी रुजून पाण्याखालीच वाढणाऱ्या वनस्पती. त्या गाळ धरून ठेवतात, पिलांना आडोसा देतात, पाणी नितळ ठेवतात.

त्यांना प्रकाश लागतो, आणि तो खोलीबरोबर घातांकी पद्धतीने घटतो. समजा, नितळ पाण्यात घटीचा गुणांक दर मीटरला १ आहे. मग १ मीटरवर ३७ टक्के प्रकाश उरतो, २ मीटरवर १३.५. आता सांडपाण्यातल्या नायट्रेट-फॉस्फेटवर सूक्ष्म शेवाळ माजलं आणि गुणांक ३ झाला, तर १ मीटरवर ५ टक्के आणि २ मीटरवर फक्त ०.२५! म्हणजे पावसाळ्यात पाणी मीटरभर चढलं, तर नितळ तलावातली वनस्पती तग धरते, घाण तलावातली मरते. ती मेली की गाळ ढवळतो, पाणी आणखी गढूळ होतं. हे चक्र तोडणं फार अवघड.

उन्हाळ्यात पाणी आटतं तेव्हा मात्र संधी असते. हायड्रिलाचे कंद ओल्या गाळात टिकतात आणि पुन्हा फुटतात. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या ढिवर बांधवांनी तर तलावातलं बेशरम काढून, तळ नांगरून या वनस्पती मुद्दाम लावल्या.

अकोल्यात जानेवारी २०१८ मध्ये हजारो नागरिकांनी मोर्णा नदीतली जलकुंभी काढली. काम मोठंच होतं. पण सांडपाणी येत राहिलं, तर जलकुंभीला खत मिळतच राहणार.

मित्रमैत्रिणींनो, ते खत आपल्या होस्टेलमधूनही जातं. पुढच्या शिबिरात जलकुंभी जरूर काढू, पाण्याखालचं राहू देऊ. आणि आपलं सांडपाणी कुठे जातं, हे आधी शोधू. निदान काकांना तोंड दाखवता येईल!