भस्त्रिकेनंतर बोटांना मुंग्या का येतात?

प्रश्न : म्हैसूरला गोकुळममध्ये मी योगवर्गाला जाते. भस्त्रिका प्राणायाम, म्हणजे भात्यासारखा भरभर श्वास, जोरात केला की डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. मैत्रीण म्हणते, रक्तातला ऑक्सिजन वाढला. खरं का?

उत्तर : मुंग्या खऱ्या, कारण मात्र उलटं. वाढलेलं काही नाही. कमी झालाय तो कार्बन डायऑक्साइड.

रक्तातला जवळजवळ सगळा ऑक्सिजन हिमोग्लोबिन वाहून नेतं. त्याच्या प्रत्येक रेणूवर ऑक्सिजनसाठी चार जागा असतात. निरोगी माणसाच्या फुप्फुसातून निघालेल्या रक्तात, साध्या श्वासावरही, त्यातल्या ९६-९८ टक्के भरलेल्या असतात. करोनाकाळात घेतलेलं ऑक्सिमीटर कपाटात असेल, तर बोटाला लावून बघा. म्हैसूर सुमारे ७७० मीटर उंचीवर आहे, पण तेवढ्यानं या आकड्यात फारसा फरक पडत नाही. एसटीतली सगळी आसनं भरल्यावर स्टँडवर कितीही माणसं आली तरी काय उपयोग? नुसता विरघळून जाणारा ऑक्सिजन तर अगदीच किरकोळ : १०० मिलिलिटर रक्तातल्या सुमारे २० मिलिलिटरपैकी जेमतेम ०.३.

कार्बन डायऑक्साइडला अशी मर्यादा नाही. भाता जितका जोरात चालेल, तितका तो बाहेर पडतो. तो घटला की रक्तातली आम्लता कमी होते. मग रक्तातली प्रथिनं मोकळं कॅल्शियम जास्त धरून ठेवतात, नसा उगाचच चाळवतात आणि बोटांत, ओठांभोवती मुंग्या येतात. मेंदूतल्या रक्तवाहिन्याही आकसतात, म्हणून गरगरतं. वर हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडायला का-कू करू लागतं. हा गुण ख्रिश्चन बोर यांनी १९०४ मध्ये दाखवला. म्हणजे मैत्रिणीचा हिशेब मेंदूपुरता तरी पार उलटा!

प्राणायामाला यात कमीपणा नाही. लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनीही ऑक्सिजनला प्राणायामाचा मुख्य लाभ मानलं नव्हतं.

भस्त्रिकेनंतर श्वास जास्त वेळ रोखता येतो, तोही ऑक्सिजनचा साठा झाला म्हणून नव्हे. श्वास घेण्याची निकड मेंदूला मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे जाणवते. तो आधीच घालवला, तर ऑक्सिजन संपत आला तरी इशारा उशिरा मिळतो. वर्गात बसल्या जागी यानं फार काही बिघडत नाही. पाण्यात मात्र माणूस बेशुद्ध होऊन बुडू शकतो. तेव्हा पोहण्याआधी भस्त्रिका अजिबात नको. वर्गात मुंग्या आल्या तर वेग उतरवा आणि साधा श्वास चालू द्या, काही मिनिटांत त्या जातील. नाहीच गेल्या, किंवा छातीत दुखलं, तर डॉक्टरांना दाखवा.