अस्सल आणि नक्कल

(जुने व्हिडिओ गेम आज दोन प्रकारे खेळता येतात : जुन्या यंत्रावर किंवा त्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर. या दोन्ही पद्धतींची तुलना प्रस्तुत पाठात केली आहे. अस्सल कशाला म्हणावे आणि नकलेचा उपयोग काय, याचा विचार करत पाठ वाचा.)

मुलांनो, 'अस्सल' आणि 'नक्कल' हे दोन मराठी शब्द तुम्हांला परके वाटणार नाहीत. उर्दूत आपण 'असल' आणि 'नकल' म्हणतो, तेच हे शब्द. बाजारात गेलो की आपण अस्सल माल मागतो आणि नक्कल टाळतो. पण नक्कल नेहमी वाईटच असते का? या प्रश्नाचे उत्तर आपण तुमच्या आवडीच्या विषयात शोधू. तो विषय म्हणजे व्हिडिओ गेम.

निन्टेंडो या जपानी कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचे खेळाचे यंत्र बाजारात आणले. लोक त्याला थोडक्यात 'फॅमिकॉम' म्हणू लागले. मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या मार्गदर्शनाखाली त्याची रचना झाली होती. १९८५ साली हेच यंत्र नव्या रूपात आणि नव्या नावाने अमेरिकेत विकले जाऊ लागले. अशा यंत्राला 'कन्सोल' म्हणतात. कन्सोल टीव्हीला जोडायचा आणि त्यात खेळाची कॅसेट बसवायची, की खेळ सुरू! आपल्याकडे तिला कॅसेट म्हणत असले, तरी तिच्यात फीत नसते. तिच्यात असते एक छोटी पट्टी आणि त्या पट्टीवर चिप.

हे यंत्र आजच्या मानाने फारच दुबळे होते. त्याच्या प्रोसेसरजवळ काम करण्यासाठी फक्त २ किलोबाइट स्मृती होती. म्हणजे इंग्रजीची साधारण दोन हजार अक्षरे मावतील एवढीच जागा! १९८५ साली आलेला 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा प्रसिद्ध खेळ अवघ्या ४० किलोबाइटांत बसवलेला आहे. जागा वाचवण्यासाठी त्याच्या कर्त्यांनी एक युक्ती केली. खेळातला आकाशातील ढग आणि जमिनीवरचे झुडूप नीट पाहा. दोन्हींचा आकार एकच आहे, फक्त रंग वेगळा आहे. गरज ही युक्तीची आई असते, ती अशी.

आपल्या देशात १९९० नंतरच्या काळात अनेक घरांत असे खेळ आले. तुमच्या मामूंना किंवा चाचांना विचारून पाहा. मारिओ, कॉन्ट्रा आणि बदकांवर बंदूक चालवायचा 'डक हंट' यांची नावे काढताच त्यांचे डोळे चमकतील. कॅसेटवर लाखो खेळ असल्याचे छापलेले असे आणि प्रत्यक्षात तेच चार-सहा खेळ पुन्हा पुन्हा येत. खेळ सुरू झाला नाही की मुले कॅसेट काढून तिच्यात जोराने फुंकर मारत. खरे तर फुंकरीने काही होत नसे. कॅसेट काढून पुन्हा बसवली की तिचे टोक नीट टेकत असे, म्हणून खेळ सुरू होई. उलट फुंकरीतल्या ओलाव्यामुळे धातूला गंज लागण्याची भीती असे.

यातली गंमत आता ऐका. आपल्याकडच्या घरांतील यांपैकी बहुतेक यंत्रे निन्टेंडोची नव्हतीच! ती इतरांनी बनवलेली स्वस्त नक्कल होती. ज्या यंत्राला आपल्याकडची मोठी माणसे आज प्रेमाने 'जुने अस्सल यंत्र' म्हणतात, तेच मुळात नक्कल होते. म्हणून अस्सल आणि नक्कल यांच्यातील रेषा दिसते तितकी सरळ नाही.

आता दुसरी पद्धत पाहू. तिचे नाव 'एम्युलेटर'. हा एक प्रोग्राम असतो. तो संगणकाला किंवा मोबाइलला जुन्या कन्सोलसारखे वागायला लावतो. ही कल्पना खेळांच्याही आधीची आहे. १९६४ साली आयबीएम कंपनीने जाहीर केलेल्या मोठ्या संगणकांवर जुन्या संगणकांचे प्रोग्राम याच रीतीने चालवता येत होते.

एम्युलेटर काम कसे करतो? तुम्ही एखाद्या दुभाष्याला पाहिले आहे का? समोरचा माणूस एक वाक्य बोलतो आणि दुभाषी ते दुसऱ्या भाषेत सांगतो. जुन्या खेळातील प्रत्येक आज्ञा जुन्या प्रोसेसरच्या भाषेत लिहिलेली असते. नव्या संगणकाला ती भाषा येत नाही. एम्युलेटर ती आज्ञा वाचतो, 'जुन्या यंत्राने येथे काय केले असते?' हे ठरवतो आणि तेच काम नव्या संगणकाकडून करून घेतो. फॅमिकॉमच्या प्रोसेसरचे सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार ठोके पडत. आजच्या मोबाइलचे अब्जावधी पडतात. म्हणून एवढी दुभाषेगिरी करूनही खेळ अडखळत नाही.

तरीही हे काम सोपे नाही. जुन्या यंत्रात प्रोसेसर, चित्राची चिप आणि आवाज यांचा ताल जुळलेला असतो. अमेरिका व जपानमधील यंत्रात प्रोसेसरचा एक ठोका पडेपर्यंत चित्राची चिप तीन ठिपके पुढे सरकते. हा ताल थोडासा चुकला तरी एखाद्या खेळाचे चित्र बिघडते. शिवाय त्या यंत्रात चित्राच्या एका ओळीत आठपेक्षा जास्त हलती चित्रे दिसू शकत नसत. गर्दी झाली की चित्रे लुकलुकत. एम्युलेटरमध्ये ही मर्यादा काढून टाकता येते. पण काही खेळांच्या कर्त्यांनी याच मर्यादेचा उपयोग करून पात्र दाराआड लपवले होते. मर्यादा काढली की लपलेले पात्र उघडे पडते! म्हणजे चांगल्या नकलेला मूळ यंत्राचे गुणच नव्हे, तर दोषही शिकावे लागतात.

जुन्या यंत्राचे कोणते सुख एम्युलेटरला सहज देता येत नाही? पहिले म्हणजे तत्परता. जुना टीव्ही काचेच्या मोठ्या नळीचा असे. कन्सोलकडून चित्र येता येताच तो ओळीमागून ओळ पडद्यावर काढत असे. आजचा सपाट टीव्ही आधी चित्र साठवतो, त्यावर संस्कार करतो आणि मग दाखवतो. बटण दाबणे आणि मारिओने उडी मारणे यांत त्यामुळे थोडा उशीर होतो. पाहणाऱ्याला तो कळत नाही, पण खेळणाऱ्याच्या बोटांना कळतो.

दुसरे उदाहरण 'डक हंट'चे. हा खेळ १९८४ साली आला. त्यातील बंदुकीतून काहीच सुटत नाही. उलट बंदूकच प्रकाश पाहते. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीला तो प्रकाश दिसला, तर नेम लागला. हे सारे डोळ्याचे पाते लवण्याआधी घडते. सपाट टीव्हीवर चौकोन उशिरा येतो आणि बंदुकीची वाट पाहण्याची वेळ टळून जाते. म्हणून जुनी बंदूक नव्या टीव्हीवर चालत नाही. एम्युलेटरवर बंदुकीऐवजी माउसने नेम धरतात. खेळ तोच, पण हातातली बंदूक गेली.

आता एम्युलेटरची बाजू ऐका. यंत्रे माणसांसारखीच म्हातारी होतात. त्यांचे भाग झिजतात. ज्या कॅसेटमध्ये खेळाची प्रगती जपून ठेवण्यासाठी छोटी बॅटरी असते, तिची बॅटरी संपली की जपलेले सारे पुसले जाते. मोडलेल्या यंत्राला नवे भाग मिळणे कठीण होते. एम्युलेटरला मात्र जुने भाग लागत नाहीत. त्यात खेळ हव्या त्या क्षणी थांबवता येतो आणि पुढे तेथूनच सुरू करता येतो. स्वतः निन्टेंडोने २०१६ साली ३० खेळ भरलेला एक छोटा कन्सोल विकला. दिसायला तो जुन्यासारखा होता, पण त्याच्या पोटात एम्युलेटरच होता!

हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. अमेरिकेतील 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' या संस्थेने २०२३ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. त्या देशात २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ बाजारात विकत मिळत नाहीत, असे तिच्यात आढळले. पुस्तक दुर्मीळ झाले तर ग्रंथालयात मिळते. खेळ दुर्मीळ झाला तर कोठे मिळणार?

येथे कायद्याचा विचार करावा लागतो. एम्युलेटर आणि खेळाची प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००० साली अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने सोनीच्या प्लेस्टेशनसंबंधीच्या खटल्यात निर्णय दिला. मूळ यंत्राचा अभ्यास करून स्वतःचा एम्युलेटर लिहिणे हे त्या खटल्यात न्यायालयाने गैर ठरवले नाही. पण निन्टेंडोच्या नव्या यंत्राचा 'युझू' नावाचा एम्युलेटर बनवणाऱ्यांना २०२४ साली २४ लाख डॉलर देण्याचे मान्य करून काम बंद करावे लागले. खेळाच्या प्रती परवानगीशिवाय वाटणे हा तर सरळ दुसऱ्याच्या मेहनतीवर डल्ला आहे. भारतातही संगणकाच्या प्रोग्रामला कॉपीराइट कायद्याचे संरक्षण आहे. एखादी वस्तू फुकट मिळते, म्हणून ती आपली होत नाही.

मग अस्सल श्रेष्ठ की नक्कल? आपल्या घरातले एक उदाहरण घ्या. उर्दू वर्तमानपत्रे पूर्वी कातिब हाताने लिहीत. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांनी 'नूरी नस्तालीक' ही संगणकीय लिपी तयार केली. त्यासाठी त्यांनी हजारो जोडाकार आपल्या हाताने लिहून काढले. ती नक्कल सुंदर उतरली, कारण तिच्यामागे कातिबाचा जिवंत हात होता.

एम्युलेटरचेही तसेच आहे. तो बरोबर चालतो की नाही, हे शेवटी जुन्या यंत्राशी ताडूनच ठरते. शेवटचे जुने यंत्र बंद पडले, तर नकलेची चूक दाखवणारा साक्षीदार उरणार नाही. आणि नक्कल केलीच नाही, तर यंत्राबरोबर खेळही जाईल. म्हणून मुलांनो, घरात एखादे जुने यंत्र धूळ खात पडले असेल, तर ते भंगारवाल्याला देण्याआधी थोडे थांबा. ते पुसा, कोरड्या जागी ठेवा आणि त्यावर कोण काय खेळत असे ते घरातल्यांकडून लिहून घ्या. अस्सल जपले, तरच नक्कल खरी राहील.

शब्दार्थ
दुबळे – कमजोर
दुभाषी – एका भाषेतील बोलणे दुसऱ्या भाषेत सांगणारा, तर्जुमान
ताल जुळणे – एकमेकांशी मेळ बसणे
तत्परता – लगेच काम करण्याचा गुण
दुर्मीळ – सहज न मिळणारे
डल्ला मारणे – चोरी करणे
ताडून पाहणे – दोन गोष्टी शेजारी ठेवून तपासणे
धूळ खात पडणे – वापराविना पडून राहणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) फॅमिकॉम केव्हा बाजारात आला?
(आ) ढग आणि झुडूप यांचा आकार एकच का ठेवला?
(इ) 'डक हंट'मधील बंदूक काय पाहते?
२. कारणे लिहा.
(अ) जुनी बंदूक सपाट टीव्हीवर चालत नाही.
(आ) एम्युलेटरला जुन्या यंत्राचे दोषही शिकावे लागतात.
३. लेखकाने एम्युलेटरला दुभाष्याची उपमा का दिली आहे? चार-पाच वाक्यांत लिहा.
४. उर्दूत आणि मराठीत सारखे असलेले पाच शब्द या पाठातून शोधा. मराठीत त्यांच्या उच्चारात किंवा अर्थात काही फरक पडला आहे का, ते वर्गात सांगा.
५. उपक्रम : घरातील मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणीच्या एका खेळाविषयी विचारा आणि दहा ओळींत माहिती लिहा.