रक्ताचा आकडा वयासोबत वाचावा

दिवाळीच्या सुट्टीत मी मल्लेश्वरमला मावशीकडे गेलो होतो. तिच्या तीन वर्षांच्या मुलीला सर्दी, खोकला आणि ताप होता. रक्ताच्या रिपोर्टमध्ये लिम्फोसाइट ५८ टक्के आणि पुढे ‘जास्त’ असे ठळक छापलेले. मावशी घाबरली. मागच्या आजारपणातले उरलेले अँटिबायोटिक तिने कपाटातून काढले. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि सांगितले, की छापलेली मर्यादा मोठ्या माणसांची आहे.

मोठ्या माणसाच्या एक मायक्रोलिटर रक्तात साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. वर्षाच्या निरोगी बाळात त्या १७,००० पर्यंतही असू शकतात. त्यांत दोन प्रकार मुख्य. न्यूट्रोफिल या जिवाणूंवर प्रथम धावून जाणाऱ्या पेशी. लिम्फोसाइट विषाणू ओळखतात आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवतात. मोठ्यांत न्यूट्रोफिल जास्त असतात. साधारण चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांत मात्र लिम्फोसाइट जास्त असतात.

आता हिशोब करू. बहिणीच्या एकूण पेशी ९,८००. त्यांचे ५८ टक्के म्हणजे सुमारे ५,७०० लिम्फोसाइट. तिच्या वयाला हा आकडा नेहमीचाच!

विषाणूंमुळे सर्दी-खोकला झाला, तर एकूण पेशी बहुधा नेहमीएवढ्याच राहतात किंवा थोड्या घटतात. जिवाणूंच्या न्यूमोनियात त्या अनेकदा १५,००० च्या वर जातात. पण हा नियम पक्का नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत विषाणूमुळेही न्यूट्रोफिल वाढतात आणि अॅडिनोव्हायरस तर जिवाणूंसारखेच मोठे आकडे दाखवू शकतो. म्हणून डॉक्टर फक्त कागदावर विसंबत नाहीत. त्यांनी बहिणीचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजले. एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला ४० किंवा अधिक श्वास, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, ही धोक्याची खूण आहे. तिचे श्वास २८ होते.

जानेवारी २०२५ मध्ये बेंगळुरूतल्या दोन बाळांत एचएमपीव्ही विषाणू सापडला, तेव्हा सगळीकडे घबराट झाली होती. हा विषाणू २००१ पासून माहीत आहे. त्याच्यावर किंवा साध्या सर्दीच्या विषाणूंवर अँटिबायोटिक काम करत नाही. विनाकारण घेतल्याने जिवाणू मात्र त्या औषधाला दाद देईनासे होतात.

बहीण पाचव्या दिवशी खेळू लागली. कपाटातली बाटली उघडावी लागली नाही. मित्रांनो, रिपोर्ट हाती आला की आधी वय पाहा, मग आकडा. आणि औषधाचा निर्णय डॉक्टरांवर सोडा.