नवताऱ्याचे गॅमा किरण

‘नवतारा’ हे नाव तसे फसवे आहे. जुनाच, डोळ्यांना न दिसणारा तारा एकाएकी भडकतो, एवढेच. भुजंगधारी तारकासमूहातील ‘आर. एस.’ हा तर सराईत! १८९८, १९३३, १९५८, १९६७, १९८५, २००६ आणि २०२१ साली त्याचे भडके नोंदले गेले.

ही खरे तर जोडी आहे. तांबड्या राक्षसी ताऱ्याचा वायू शेजारच्या श्वेत बटूवर साचत जातो. थराच्या तळाशी तापमान १० कोटी अंशांवर गेले की हायड्रोजनचा अणुस्फोट होतो आणि थर सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने उधळला जातो.

आता थोडा हिशेब करा. १० कोटी अंशांना कणाची सरासरी ऊर्जा सुमारे १३ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते. ऑगस्ट २०२१ मध्ये मात्र नामिबियातील ‘हेस’ आणि कॅनरी बेटांवरील ‘मॅजिक’ या दुर्बिणींना याच ताऱ्याकडून १० हजार कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्याही वरचे गॅमा किरण मिळाले. म्हणजे जवळजवळ कोटीपट! नुसत्या उष्णतेने हे साधणार नाही.

मग कशाने साधते? बॅट स्थिर धरली, तर चेंडू आला त्याहून जास्त वेगाने परतत नाही. बॅट पुढे आणून मारली, तर परततो. उधळलेला वायू राक्षसी ताऱ्याभोवतीच्या विरळ वायूवर आदळतो, तेव्हा आघात-तरंग निर्माण होतो. त्याच्या दोन्ही बाजूंना गुंतागुंतीची चुंबकीय क्षेत्रे असतात. त्यांत सापडलेला प्रोटॉन उलटा फिरतो आणि तरंग ओलांडतो. पलीकडे गेला की पुन्हा उलटा फिरतो. गंमत अशी, की कोणत्याही बाजूने पाहिले तरी समोरचा वायू त्याच्या अंगावरच येत असतो. म्हणून दर फेरीला ऊर्जेची थोडी भर पडते. बहुतेक कण लवकर निसटतात. जे थोडे अडकून राहतात, तेच श्रीमंत होतात.

असे वेगवान कण तेथे असतात, याचा एक पुरावा आपल्या नारायणगावजवळ मिळालेला आहे. खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीने २००६ च्या भडक्यानंतर या ताऱ्याकडून येणाऱ्या अर्ध्या मीटरच्या आसपासच्या व त्याहून लांब रेडिओ लहरी टिपल्या. चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणारे वेगवान इलेक्ट्रॉन अशा लहरी सोडतात.

प्रोटॉनची ओळख वेगळी. तो वायूतील अणुकेंद्रावर आदळला की विद्युत्‌भाररहित पायॉन जन्मतो व क्षणार्धात दोन गॅमा किरणांत फुटतो. २०२१ ची निरीक्षणे या चित्राशी अधिक जुळतात. पृथ्वीवर सतत येणाऱ्या विश्वकिरणांत प्रोटॉनच बहुसंख्य आहेत, हे ध्यानात घ्या. त्यांत नवताऱ्यांचा वाटा लहानच. पण अतिदीप्त नवताऱ्यात शतकानुशतके चालणारी ही क्रिया येथे काही दिवसांत पाहता येते!

गॅमा किरण जमिनीपर्यंत पोचत नाहीत. ते हवेत कणांचा वर्षाव घडवतात, आणि त्या कणांपासून निळसर प्रकाशाची क्षणिक चमक उठते. दुर्बिणी टिपतात ती ही चमक. वाशीच्या खाडीपुलावरून ट्रॉम्बेची टेकडी दिसते ना? तिच्या पायथ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने लडाखमध्ये हानले येथे, सुमारे ४,३०० मीटर उंचीवर, अशीच २१ मीटर व्यासाची ‘मेस’ दुर्बीण उभारली आहे. तिचे उद्‌घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले.